पेटार्डचं मूळ

मूर्तिजापुरात पोलीस भरतीच्या अकॅडम्या पाच होत्या. जिद्द, ध्येय, झेप, रणझुंजार आणि पुन्हा एक जिद्द. दोन्ही जिद्दवाल्यांचं आपसात बोलणं बंद होतं. त्यामुळे सहावी अकॅडमी काढायला निघालेल्या सूर्यभान वानखडेनं मैदान सपाट करून घेतलं, टिनाची खोली बांधली, गोळाफेकीचं वर्तुळ आखलं, पण नाव काही ठेवलं नाही. नावासाठी तो आपल्या धाकट्या बहिणीकडे गेला.

"रश्मी, मले असं नाव पाह्यजे जे कोनाच्या बापानं ठेवलं नसंल. अन् इंग्रजीत पाह्यजे."

रश्मी तायडे ज्युनिअर कॉलेजात अकरावी-बारावीला इंग्रजी शिकवायची. घरात कुठलाही इंग्रजी कागद आला की तो तिच्या पुढ्यात यायचा. मग ते फ्रिजच्या गॅरंटीचं कार्ड असो, नाहीतर बीपीच्या गोळीसोबतची घडी घालून घालून मुंगीएवढी झालेली चिठ्ठी. हा मान तिला आवडायचा. तिनं खिशात मावणारी जुनी डिक्शनरी काढली आणि तीन दिवस शोधत बसली. भाऊ बावीस वर्षं फौजेच्या इंजिनिअर पल्टनीत होता. पूल बांधायचे आणि हुकूम आला की तेच पूल उडवायचे, ही त्याची नोकरी. तेव्हा शब्दही तसाच हवा. तिसऱ्या दिवशी पी अक्षरात तिला तो सापडला.

"पेटार्ड," तिनं वाचून दाखवलं. "जुना शब्द आहे. आता कोणी वापरत नाही. किल्ल्याचा दरवाजा नाहीतर भिंत उडवायला लावायचा छोटा बॉम्ब."

सूर्यभाननं तिला ते तीनदा वाचायला लावलं. मग त्याचे डोळे जरासे ओले झाल्यासारखे दिसले.

"दरवाजा म्हंजे भरती," तो म्हणाला, "अन् बॉम्ब म्हंजे आपले पोट्टे."

आठ दिवसांत बारा फुटांचा बोर्ड रंगला आणि नव्वद पोपटी टी-शर्ट छापून आले. छातीवर मोठ्या इंग्रजी अक्षरांत पेटार्ड, पाठीवर 'दरवाजा उघडत नसेल तर उडवा'. गावानं लगेच त्याचं 'पेटारा अकॅडमी' केलं, पण सूर्यभाननं तिकडे लक्ष दिलं नाही. त्यानं उद्घाटनाची तारीख धरली, जानेवारीतला रविवार, आणि प्रमुख पाहुणेही ठरवून टाकले. अमरावतीचे गोपाळकृष्ण पांढरीपांडे. रश्मीचे एम.ए.चे सर. "तुहे गुरू हायत, अन् नाव इंग्रजी हाय. दुसरं कोन पाह्यजे," तो म्हणाला.

पांढरीपांडे सरांची ख्याती अमरावतीपासून अकोल्यापर्यंत होती. निवृत्त होऊन पंधरा वर्षं झाली तरी त्यांना उद्घाटनाची बोलावणी यायची आणि दर ठिकाणी ते एकच गोष्ट करायचे. संस्थेचं नाव घ्यायचं आणि त्याचं मूळ उकरायचं. गॅलॅक्सी नावाच्या मंगल कार्यालयात त्यांनी चाळीस मिनिटं सांगितलं की गॅलॅक्सी हा शब्द ग्रीकांच्या दुधावरून आला. दूध, दूध, असं इतक्यांदा झालं की मालकाच्या बायकोनं शेवटी त्यांना गरम दुधाचा ग्लास आणून दिला. सर तो पिऊन पुढे बोलले.

रश्मीच्या मनात सरांबद्दल आदर होता आणि एक काटाही होता. एम.ए.ला ती मूर्तिजापूरहून येऊनजाऊन शिकायची. एकदा वर्गात उभं राहून तिनं कविता वाचली तेव्हा सर म्हणाले होते, "तायडे, तुमचं इंग्रजी शकुंतलेनं येतं वाटतं. दर शब्दाला थांबतं, मधे गार्ड उतरून गाई हाकलतो, मग निघतं." वर्ग पोट धरून हसला होता. पुढे मूर्तिजापूरची ती रडतखडत चालणारी छोटी शकुंतला रेल्वेही बंद पडली, पण रश्मी अजून वर्गात एखादा लांब शब्द उच्चारताना क्षणभर अडायची.

उद्घाटनाच्या आधीच्या बुधवारी ती स्टाफरूममध्ये पाहुण्यांच्या परिचयाचं भाषण लिहीत होती. सर मूळ सांगणार, तर आपल्यालाही थोडं ठाऊक असावं, म्हणून तिनं मोबाइलवर शब्दाचा उगम शोधला. वाचलं. पुन्हा वाचलं. मग मोबाइल टेबलावर पालथा ठेवला.

"काय झालं व," शेजारी पेपर तपासत असलेल्या शकुन देशमुखनं विचारलं. ती मराठी शिकवायची आणि रश्मीची वीस वर्षांची मैत्रीण होती.

रश्मीनं मोबाइल उलटा करून तिच्याकडे सरकवला. शकुननं चष्मा वर केला आणि वाचलं. पेटार्ड हा शब्द फ्रेंचमधून आलेला. फ्रेंचमध्ये तो 'पेते' या क्रियापदावरून झाला. पेते म्हणजे पादणे.

शकुन हसली नाही. तिनं आणखी खाली वाचलं, कारण तिला असल्या गोष्टींची खरीच आवड होती. "हे पाय, इंग्रजांचा पादायचा शब्द अन् आपला पादणे एकाच घरातले आहेत. संस्कृत पर्द. पण पेटार्ड त्यातला नाही. या सगळ्या भाषांच्या आधीच्या लोकांकडे म्हणे त्यासाठी दोन धातू होते. एक आवाजाचा, एक बिनआवाजाचा. पेटार्ड लॅटिनमधून आला, तो बिनआवाजाच्या घरातला."

"बॉम्बले?"

"आपण फुसका बार म्हणतोच ना. अन् फुसकी म्हणजे काय, ते तुले का सांगू मी." शकुननं मोबाइल परत दिला. "नदीचं मूळ अन् ऋषीचं कूळ पाहू नये म्हणतात. त्यात शब्दही घालायले पाह्यजे होता."

रश्मीला सगळं डोळ्यांपुढे दिसलं. नव्वद पोरं रांगेत बसलेली, त्यातल्या चाळीस मुली. छातीवर तो शब्द. पुढच्या खुर्च्यांवर गावातली प्रतिष्ठित मंडळी आणि दोन्ही जिद्दवाले. आणि माइकवर पांढरीपांडे सर, चाळीस मिनिटं, दुधासारखंच.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून तिनं अमरावतीची बस धरली.

सरांच्या घरी गोदावरीकाकूंनी दार उघडलं. "ये. ते आत आहेत, तुमच्याच कार्यक्रमाचं लिहून राहिलेत. तीन दिवस झाले, नुसतं पेटार्ड पेटार्ड. काल झोपेतही म्हणाले."

सर टेबलाशी बसले होते. रश्मी वाक्य जुळवून आली होती: सर, यावेळी नावावर न बोलता शिस्तीवर बोलावं, मुलांना ते जास्त उपयोगी पडेल. पण तिनं तोंड उघडायच्या आत सरांनी अकरा पानं तिच्यापुढे धरली.

"फार सुंदर शब्द निवडलास. मूळ पाहिलंस का त्याचं? लॅटिन पेत्रा. म्हणजे खडक. पीटर हे नावही त्यातलंच. खडक फोडणारा तो पेटार्ड. मी खडकापासून सुरुवात करतो, मग सह्याद्री, मग मनोबल."

रश्मीच्या जिवात जीव आला. साफ चुकीचं होतं, पण काय छान चूक होती. खडक, सह्याद्री, मनोबल. भाऊ रडलाच असता. तिनं काकूंनी दिलेला चहा घेतला, बशी खाली ठेवली आणि उठायच्या बेतात असताना सर म्हणाले, "हे मी आता पुस्तकातही घेतोय. शब्दांच्या मुळांचं पुस्तक. छापायला जाईल पुढच्या महिन्यात. आणि पाहुण्यांचा परिचय तू करणार ना? जरा सराव कर. नाहीतर सगळे बसतील आणि तुझी शकुंतला अजून कारंज्यालाच."

ती पुन्हा बसली. पुढे जे ती बोलली त्यात सरांच्या पुस्तकाची काळजी किती होती आणि वीस वर्षांचा राग किती, हे तिला स्वतःलाही नीट सांगता आलं नसतं.

"सर, पेत्रा नाही."

"काय नाही?"

"मूळ. पेत्रा नाही. आपण मोठी डिक्शनरी पाहू या."

मोठी डिक्शनरी कपाटाच्या खालच्या खणात होती. ती काढायला दोघांना वाकावं लागलं. सरांनी भिंग घेतलं, पान शोधलं आणि वाचू लागले. भिंग एका ओळीवर आलं आणि तिथंच थांबलं.  आतून गोदावरीकाकूंनी विचारलं, "सापडलं का?" मग त्या पदराला हात पुसत बाहेर आल्या, नवऱ्याच्या खांद्यावरून वाकल्या, पण अक्षर बारीक होतं.

"काय लिहिलंय व रश्मी?"

"काकू, तो शब्द पादण्यावरून आलाय."

काकूंनी क्षणभर विचार केला. "म्हणजे हे तीन दिवस झोपेत..." असं म्हणून त्या पदर तोंडाला लावून आत गेल्या. स्वयंपाकघरातून बराच वेळ भांड्याचा आवाज आला नाही.

सरांनी अकरा पानांची घडी केली, मग त्या घडीचीही घडी. "मी येणार नाही," ते म्हणाले. "माझ्या तोंडून व्यासपीठावर तो शब्द निघणार नाही. आणि खोटं मी सांगत नाही." ते तिच्याकडे न पाहता बोलत होते. त्यांचे कान लाल झाले होते. रश्मीला वाटलं होतं तसा आनंद काही झाला नाही. वयस्कर माणूस, भिंग हातात, आणि समोर आपण. तिनं वाकून नमस्कार केला आणि बसस्टँड गाठलं.

घरी जाण्याआधी ती मैदानावर गेली. आता भावाला सांगण्यावाचून गत्यंतर नव्हतं. सूर्यभान चुन्याची फक्की मारत होता. तिनं बाजूला घेऊन सगळं सांगितलं. तो हसेल असं तिला वाटत होतं. फौजी माणूस, त्यानं काय काय ऐकलेलं. पण त्यानं हातातला चुना खाली ठेवला.

"पोट्ट्यायचं काही नाई," तो म्हणाला. "पोट्टीयच्या छातीवर मी काय लिहून ठेवलं, रश्मी? त्यायचे मायबाप माह्यावर भरोसा ठेवून पाठवतात."

"भाऊ, माही चूक झाली. मी पुरतं पाह्यलं नाही."

"तुही कायची चूक." तो बोर्डाकडे पाहत राहिला. "रविवार होऊन जाऊ दे. मंग बदलून टाकू. जिद्द ठेवू."

"जिद्द दोन आहेत, भाऊ."

"तं तिसरी."

त्या संध्याकाळी त्यानं बोर्डावर ताडपत्री बांधली. पोरांना निरोप गेला: रविवारी टी-शर्ट उलटे, आतली बाजू बाहेर करून घालून यायचे. का, ते विचारायचं नाही. फौजेत असं चालतं.

रविवारी सकाळी दहाला नव्वद पोरं-पोरी उलटे टी-शर्ट घालून मैदानावर ओळीत बसली. आतलं लेबल प्रत्येकाच्या मानेमागे बाहेर आलेलं. गावची मंडळी एकमेकांना विचारत होती की ही काही नवी पद्धत आहे का. दोन्ही जिद्दवाले कधी नव्हे ते शेजारीशेजारी बसले होते आणि कानात बोलत होते. प्रमुख पाहुण्यांची खुर्ची रिकामी होती, आणि तिच्यावर कोणाला बसवायचं याचा सूर्यभान विचार करत असतानाच फाटकाशी गाडी थांबली. आधी गोदावरीकाकू उतरल्या, मग सर.

"मूर्तिजापुरात माझी बहीण आहे," काकू रश्मीला म्हणाल्या. "वर्षभरात भेटले नव्हते. गाडी ठरलेली होती, मी ती रद्द करू दिली नाही. आता तू अन् ते पाहून घ्या."

रश्मीनं परिचय उरकला आणि सर बोलायला उभे राहिले. रश्मी खाली मान घालून बसली. पण सरांनी पेटार्डचं नावच काढलं नाही. त्यांनी 'अकॅडमी' धरला. ग्रीसमधली झाडांची राई, तिथली तत्त्वज्ञाची शाळा. राई संपल्यावर त्यांनी 'मसल' घेतला आणि सांगितलं की मसल म्हणजे मूळचा छोटा उंदीर, कारण दंड फुगवला की कातडीखाली उंदीर पळाल्यासारखं दिसतं. हे पोरांना आवडलं. नव्वद दंड फुगले, उंदीर पळाले. रश्मीनं मान वर केली. म्हातारा मोठा हुशार होता.

"काही शंका?" सरांनी सवयीनं विचारलं.

मुलींच्या रांगेतून एक उठली. चंदा. एकोणीस वर्षांची, बारीक, आठशे मीटरला सगळ्यांच्या पुढे असणारी. "सर, अकॅडमी समजली. पेटार्ड म्हंजे काय? माही आजी रोज विचारते. अन् आज आमी टी-शर्ट उलटे काहून घातले?"

सर माइकपाशी उभे राहिले. त्यांनी ताडपत्रीकडे पाहिलं. मग त्यांनी सावकाश मान वळवून रश्मीकडे पाहिलं आणि माइक तिच्या बाजूला केला. "हे मला चुकीचं माहीत होतं," ते म्हणाले. "यांनी बरोबर शोधलं. त्यांनाच विचारा."

रश्मी उठली. भावाकडे पाहिलं तर तो चुन्याच्या रेषेकडे बघत होता. व्यासपीठावर ती नेहमी इंग्रजी-मराठी मिसळून बोलायची. ते तिनं सोडून दिलं आणि घरी बोलते तशी बोलली.

"पोट्टेहो, पेटार्ड म्हंजे बॉम्ब. चारेकशे वर्षांपूर्वीचा. लोखंडी भांड्यात दारू ठासायची, किल्ल्याच्या दरवाजाले लावायची अन् वात पेटवून पळायचं. जो लावे तो कधीकधी स्वतःच मरे, इतकं धोक्याचं काम. हे खरं आहे. अन् दुसरंही खरं आहे. त्या बॉम्बाले नाव देताना फ्रेंच लोकायनं जो शब्द घेतला, त्याचा अर्थ पादणे."

 मग मागच्या रांगेतून एकानं नाकातून आवाज काढला आणि मैदान फुटलं. पोरं एकमेकांच्या अंगावर पडली. खुर्च्यांवरची मंडळी रुमाल शोधू लागली. एक जिद्दवाला दुसऱ्या जिद्दवाल्याच्या पाठीवर थापा मारत होता. गोदावरीकाकू मोकळेपणानं हसत होत्या. चार-पाच मिनिटं कोणी कोणाला आवरलं नाही. चंदा तेवढी उभीच होती.

हसू ओसरल्यावर ती म्हणाली, "मंग मॅडम, त्यानं दरवाजा तुटे का नाई?"

"तुटे."

"मंग आमी उलटे घालून काहून बसलो?"

 उत्तराची वाट न पाहता चंदा वळली आणि टिनाच्या खोलीकडे चालू लागली. तिच्यामागे आणखी एक मुलगी उठली, मग चार, मग सगळी रांग. पोरांनी खोलीची वाट पाहिली नाही, जागच्या जागी टी-शर्ट डोक्यावरून काढून सुलटे केले. दोन मिनिटांनी चाळीस मुली बाहेर आल्या तेव्हा सगळं मैदान भडक पोपटी झालं होतं आणि छातीवरचं नाव लांबूनही वाचता येत होतं.

सूर्यभान उठला. पल्टनीत परेडला जात असेल तसा सरळ चालत तो बोर्डाकडे गेला आणि त्यानं ताडपत्रीची दोरी सोडली. मग माइकपाशी येऊन म्हणाला, "मी पहिल्यांदा सुरुंग लावला तवा मीबी पादलो होतो. भेवानं. जो म्हनते माहं पोट त्या वक्ती चुप होतं, तो खोटं बोलते. पन वात मी सोडली नाई. बस, येवढंच सांगायचं हाय. चला, गोलात उभे राहा."

पुढे महिनाभर गावानं त्यांना सोडलं नाही. बाकीच्या अकॅडम्यांची पोरं पळताना तोंडानं आवाज काढायची. पादऱ्याला पावट्याचं निमित्त, तसं गावाला रोज नवं निमित्त मिळायचं. पण नाव असं होतं की एकदा ऐकलेलं कोणी विसरत नव्हतं, आणि दर्यापूर, कारंज्यापासून पोरं 'ते पादायची अकॅडमी कुठी हाय' असं विचारत यायची. त्या वर्षीच्या पोलीस भरतीत अकॅडमीचे नऊ जण लागले. चंदा अकोल्याला लागली.

त्या रविवारी मात्र कार्यक्रमानंतर टिनाच्या खोलीत जेवणं झाली. झुणका, भाकर, वांग्याचं भरीत.  हात धुऊन आल्यावर सर रश्मीजवळच्या खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "तू ते पहिल्यांदा कशात पाहिलंस?"

"मोबाइलवर, सर."

"दाखव बरं."

तिनं पान उघडून दिलं आणि वरच्या चौकटीत शब्द कसा लिहायचा ते दाखवलं. सरांनी चष्मा कपाळावर चढवला, मोबाइल नाकाशी धरला आणि एका बोटानं अक्षरं दाबू लागले. पहिला शब्द त्यांनी टाकला तो 'नाइस'. वाचून झाल्यावर ते म्हणाले, "मूळ अर्थ अज्ञानी. आणि मी हा शब्द चाळीस वर्षं तुमच्या पेपरांवर लिहीत होतो."

"माझ्या नाही, सर. माझ्या पेपरवर तुम्ही कधीच लिहिला नाही."

सरांनी मान वर केली. तिच्याकडे पाहिलं, आणि पहिल्यांदाच हसले. थोडेसेच. मग पुन्हा मोबाइलमध्ये शिरले. बाहेर ड्रायव्हरनं दोनदा हॉर्न दिला. गोदावरीकाकू बहिणीकडे जायची पिशवी घेऊन दारात उभ्या राहिल्या, नवऱ्याकडे पाहिलं, पिशवी खाली ठेवली आणि रश्मीच्या बाजूला येऊन बसल्या.

"बसू दे त्यांना," त्या म्हणाल्या. "उरलेला झुणका बांधून दे मला, बहिणीसाठी."

रश्मी डबा शोधायला उठली.